सायबाची बेटं

माझ्या आईचा धाकटा भाऊ तारवटी आहे. आमच्यात मामाला तितीव म्हणतात, म्हणून तो माझा तितीव. गोव्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांसारखं तेरेखोलचं माझं आजोळही बोटीवरच्या पगारावर उभं राहिलं. पूर्वी तितीव तीन-चार हजार प्रवाशांच्या मोठ्या क्रूझवर असायचा. आता तो एका लहान बोटीच्या किचनमध्ये आहे. शंभरेक प्रवासी, सोबत पक्ष्यांची आणि समुद्राची माहिती सांगणारे जाणकार, आणि धक्का नसलेल्या किनाऱ्यावरही उतरता यावं म्हणून रबरी होड्या. अशा सफरीला एक्स्पिडिशन क्रूझ म्हणतात हे मला त्याच्यामुळेच कळलं. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांतून ही बोट फिरते. लोक लाखो रुपये भरून येतात, ज्वालामुखी बघतात, प्रवाळ बघतात, जायफळाच्या बागांतून चालतात आणि रात्री बोटीवर येऊन जेवतात.

यंदा त्याने बोटीच्या मार्गाचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला. सुट्टीत केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला गेले तेव्हा मी तो व्हडलीमायला दाखवला. तिची नजर आता अधू झाली आहे, म्हणून मी बेटांची नावं मोठ्याने वाचत गेले. बांदा, अंबोन, हालमाहेरा, तेर्नाते. अंबोन ऐकल्यावर तिने मला थांबवलं. आपला सायब तिथे गेला होता, आणि कुर्लीने त्याचा समुद्रात पडलेला खुरीस परत आणून दिला तो तिकडेच, असं तिने सांगितलं. मी तोवर सायबाला जुन्या गोव्यातल्या काचेच्या पेटीतच पाहिलं होतं. हा माणूस कधी भर दर्यात होडीत बसून ओला झाला असेल, असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

हा लेख लिहायचं एक कारण हे. दुसरं कारण जरा अडचणीचं आहे.

२०२४ च्या डिसेंबरात सायबाच्या शवप्रदर्शनाला मी डिचोलीच्या माझ्या मैत्रिणीबरोबर गेले. तिच्या घरी मुक्काम होता, त्यामुळे आम्ही नार्व्याहून फेरीने दिवाडी बेटावर आलो आणि तिथून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला जाणार होतो. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा कदंब राजांचा देव. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी देव नदीपार डिचोलीच्या बाजूला नेला. तिकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे देव ज्या बाजूने गेला, त्याच्या उलट दिशेने आम्ही दोघी चाललो होतो. फेरीच्या कठड्याला टेकून मैत्रिणीने मला विचारलं की गोव्यात इन्क्विझिशन तुमच्या सायबानेच आणलं ना? मी लगेच नाही म्हटलं. सायब वारले १५५२ साली आणि इन्क्विझिशन आलं १५६० साली, मग ते कसे आणतील? ती गप्प बसली. मला वाटलं, तिचं समाधान झालं.

नंतर कॉलेजच्या लायब्ररीत सायबांच्या अंबोनच्या दिवसांबद्दल वाचू लागले, आणि माझं ते उत्तर अर्धवट होतं हे लक्षात आलं. त्याच बेटावरून त्यांनी काय लिहिलं ते पुढे येईल. आधी आयुष्य क्रमाने सांगते.

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारा या छोट्या राज्यात, झेवियर नावाच्या गढीत झाला. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधला हा डोंगराळ मुलूख. वडील राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. घरची भाषा बास्क, म्हणजे आजूबाजूच्या कुठल्याच मोठ्या भाषेशी नातं नसलेली भाषा. १५१२ मध्ये शेजारच्या कास्तीलने नावारा जिंकून घेतलं. तीन वर्षांत वडील गेले, आणि त्यानंतर वर्षभरात विजेत्यांच्या हुकमाने घराच्या तटबंद्या पाडल्या. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता. परक्या सत्तेने येऊन आपल्या घराच्या भिंती पाडणं म्हणजे काय, हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

१५२५ मध्ये तो पॅरिसला शिकायला गेला. हुशार होता, उड्या मारण्यात पटाईत होता, खर्चीही होता. १५२९ मध्ये त्याच्या खोलीत वयाने पंधरा वर्षांनी मोठा, लंगडत चालणारा एक विद्यार्थी राहायला आला. हे इग्नेशियस लोयोला. ते लंगडत होते ते पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागल्यामुळे, आणि त्या लढाईत फ्रान्सिसचे भाऊ समोरच्या बाजूने लढत होते. अशा दोन माणसांची एका खोलीत मैत्री झाली, आणि तीही लवकर नाही. फ्रान्सिसला वळवायला इग्नेशियसना काही वर्षं लागली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी गरिबीत राहून देवाची सेवा करण्याचं व्रत घेतलं. येशूसंघाची सुरुवात ती. १५३७ मध्ये फ्रान्सिसना गुरुदीक्षा मिळाली. इथपासून मी त्यांना अहो-जाहो करते, कारण घरात आम्ही तसंच बोलतो.

भारतात यायचं त्यांच्या नशिबी नव्हतं. पोर्तुगालच्या राजाने धर्मगुरू मागितले, तेव्हा बोबादिल्ला नावाच्या सोबत्याचं नाव ठरलं होतं. ते आजारी पडले आणि ऐनवेळी झेवियर निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बनहून जहाज पकडलं. वाटेत मोझांबिकला अनेक महिने थांबावं लागलं. जहाजावर तापाने माणसं मरत होती. पोपचे प्रतिनिधी म्हणून आलेला हा पाद्री आजाऱ्यांचे कपडे स्वतः धुवायचा. तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

गोव्यात सायब घंटा वाजवत रस्त्यातून फिरायचे आणि पोरं जमवून त्यांना शिकवायचे, ही गोष्ट आम्हाला दोत्रिनीच्या वर्गात सांगतात. पण ते गोव्यात फारसे राहिलेच नाहीत. पाच महिन्यांत ते दक्षिणेला मोती काढणाऱ्या परवा लोकांत गेले. तिथे दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, पाठ केल्या आणि गावोगाव म्हणून दाखवल्या. भाषा त्यांना चांगली कधीच आली नाही. तरी लोकांशी बोलायचं तर त्यांच्या भाषेत, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. याच काळातल्या पत्रांत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. बाप्तिस्मा झाल्यावर ते गावातली मूर्तींची घरं पाडायला लावायचे आणि मुलांकडून मूर्ती फोडून घ्यायचे, आणि याचा त्यांना आनंद वाटायचा. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे, त्यामुळे कुणा विरोधकाने रचलं असं मला म्हणता येत नाही.

१५४५ मध्ये ते मैलापूरला संत थॉमसच्या कबरीपाशी काही महिने राहिले. मकासारकडे दोन राजे ख्रिस्ती झाले आहेत, पण तिथे पाद्री नाही, अशी बातमी आली होती. सायबांनी जायचं ठरवलं आणि सप्टेंबरात मलाक्का गाठलं. मलाक्का म्हणजे त्या काळचं गजबजलेलं बंदर. लवंग, जायफळ, चिनी रेशीम, गुजराती कापड, सगळं तिथून जायचं. मकासारची पक्की खबर येईना, म्हणून सायब तिथेच थांबले आणि ते दिवस त्यांनी मलय भाषेवर घालवले. त्या बेटांत प्रत्येक गावाची भाषा वेगळी, पण व्यापारामुळे मलय सगळ्यांना थोडीफार कळायची. आपल्याकडे बाजारात हिंदी चालते तसंच. श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, प्रार्थना हे सगळं त्यांनी मलयमध्ये करून घेतलं आणि पाठ केलं. शेवटी मकासार राहिलंच. १ जानेवारी १५४६ रोजी ते अंबोनच्या जहाजात बसले.

तितीवची बोट सहसा ठरल्या तारखेला ठरल्या बेटावर पोचते. सायबांच्या काळात तारीख वारा ठरवायचा. पावसाळी वारे पश्चिमेकडून वाहू लागले की मलाक्काहून पूर्वेला निघायचं आणि ते उलटले की परतायचं. एक वारा चुकला तर पुढच्या वाऱ्यापर्यंत बेटावर अडकायचं. सहा आठवडे लागले. पालापाचोळ्यासारखी विखुरलेली बेटं, मध्ये उथळ पाण्यातले खडक, आणि चाच्यांची भीती. जहाजं त्या वाटेने जायची ती लवंगेसाठी. लवंग तेव्हा जगात फक्त याच बेटांच्या पट्ट्यात पिकायची. तितीवच्या बोटीवरच्या लोकांना आजही तेर्नातेच्या रस्त्याकडेला चटईवर वाळत घातलेली लवंग दाखवतात. त्याने तिचा फोटो पाठवला होता. आमच्या अंगणात कोकमं वाळत घालतात तशीच दिसत होती.

१४ फेब्रुवारीला सायब अंबोनला उतरले. बेटावर सात ख्रिस्ती गावं होती आणि त्यांना पाद्री नव्हता. ते गावोगाव चालत गेले, आजाऱ्यांजवळ बसले, बाळांना बाप्तिस्मा दिला. त्यांतली बरीच बाळं लवकरच दगावली, असं ते लिहितात. मग बंदरात पोर्तुगीज जहाजं आली. त्यांच्यावर एका फसलेल्या स्पॅनिश मोहिमेचे उरलेसुरले लोक होते. रुय लोपेझ दे व्हिलालोबोस १५४२ मध्ये मेक्सिकोहून प्रशांत महासागर ओलांडून निघाला होता. फिलिपिन्स हे नाव याच मोहिमेने दिलं. परतीचा वारा त्यांना सापडला नाही, अन्न संपलं, आणि शेवटी त्यांनी पोर्तुगीजांपुढे हात टेकले. जहाजांवर साथ पसरली होती. पुढचे महिने सायबांनी या माणसांची सेवा केली. पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते शत्रू होते, आणि सायबांच्या दृष्टीने तर आपलं घर पाडणाऱ्या कास्तीलच्या राज्यातले. त्यांनी व्यापाऱ्यांकडे मागून औषधपाणी जमवलं, मरणाऱ्यांजवळ रात्री काढल्या. एप्रिलमध्ये व्हिलालोबोस अंबोनलाच वारला. याच मोहिमेत कोस्मे दे तोरेस नावाचे एक पाद्री होते. सायबांना बघून ते इतके बदलले की पुढे गोव्याला येऊन येशूसंघात शिरले, सायबांबरोबर जपानला गेले आणि १५७० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले.

कुर्लीची गोष्ट इथलीच. अंबोनजवळच्या समुद्रात वादळ उठलं, सायबांनी गळ्यातला खुरीस पाण्यात बुडवला आणि तो हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक कुर्ली नांगीत तो खुरीस धरून आली. सायबांच्या पत्रांत ही गोष्ट नाही. अनेक वर्षांनी, त्यांना संतपद द्यायची चौकशी चालू असताना, एका साक्षीदाराने ती सांगितली. पण आमच्या समुद्रात पाठीवर खुरसासारखी खूण असलेली कुर्ली मिळते. मी लहान असताना तेरेखोलच्या किनाऱ्यावर एकदा जाळ्यात ती आली, तेव्हा व्हडलीमायने ती मला हातात धरून दाखवली होती. कुर्ली खरंच आली की नाही यावर मी तिच्याशी वाद घालणार नाही.

आता मे महिना. व्हिलालोबोसची उरलेली माणसं घेऊन जहाजं परतणार होती, म्हणजे पत्रं पाठवायची संधी होती. १० मे १५४६ रोजी सायबांनी युरोपातल्या सोबत्यांना मोठं पत्र लिहिलं. त्यात बेटांचं वर्णन आहे, भाषांचं आहे, धोक्यांचं आहे, आणि सोबत्यांची आठवण काढून भरून आलेलं मन आहे. सहा दिवसांनी, १६ मे रोजी, त्यांनी पोर्तुगालच्या राजाला, तिसऱ्या जॉनला, दुसरं पत्र लिहिलं. त्यात दोन गोष्टी मागितल्या. एक, चांगले प्रवचनकार. दुसरी, इन्क्विझिशन. भारतात बाप्तिस्मा घेतलेले पुष्कळ लोक छुपेपणाने यहुदी किंवा मुसलमान धर्म पाळतात, त्यांना देवाची भीती नाही, म्हणून धर्मन्यायालय हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

फेरीवर मी मैत्रिणीला दिलेलं उत्तर तारखांपुरतं बरोबर होतं. सायब गेल्यावर आठ वर्षांनी इन्क्विझिशन आलं हे खरं. पण आणा असं सांगणाऱ्यांत ते होते हेही खरं. तशी मागणी करणारे ते एकटे नव्हते. त्या काळी युरोपात राजेलोक, विद्वान, साधू, अनेकांना ते योग्य वाटायचं. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. तरी एक गोष्ट मला सोडत नव्हती. हे पत्र कुठल्या महालात बसून लिहिलेलं नव्हतं. जी माणसं आपली नाहीत त्यांच्या अंथरुणाशी बसलेल्या हाताने, त्याच बेटावर, त्याच दिवसांत ते लिहिलं. हे करणारा एक सायब आणि ते लिहिणारा दुसरा, अशी वाटणी मला करता येईना.

इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. मागणी झाली होती यहुदी आणि मुसलमान चालीरीतींच्या नावाने, पण पुढे त्यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते इथलेच, हिंदूंचे ख्रिस्ती झालेले लोक. म्हणजे माझे पूर्वज. तुळस लावली, लग्नात जुनी रीत पाळली, अशा कारणांवरून पकडले जाणारे आमच्यासारखेच लोक होते. ही गोष्ट मला कुणी दोत्रिनीत सांगितली नव्हती. मैत्रिणीच्या प्रश्नात माझेही लोक होते, हे मला फेरीवर कळलं नाही.

अंबोनहून सायब तेर्नातेला गेले. समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी म्हणजे तेर्नाते बेट. तिथे पोर्तुगीजांचा किल्ला होता आणि लवंगेच्या व्यापाराची सगळी भांडणं तिथेच व्हायची. सुलतान हैरून मुसलमान होता. तरी सायबांशी त्याचं चांगलं जमलं, आणि तो धर्म बदलणार नाही हे दिसत असूनही दोघांची मैत्री राहिली. सायबांनी तिथे श्रद्धेचा अर्थ सांगणारं एक पद्य रचलं आणि प्रार्थनांना चाली लावल्या. थोड्याच दिवसांत रस्त्यात पोरं, घरात बायका, शेतात गडी आणि समुद्रात कोळी त्याच म्हणत असत, असं त्यांनी नंतर कळवलं आहे. हे वाचताना मला आपल्याकडचे फादर थॉमस स्टीफन्स आठवले. गोव्यात १५७९ मध्ये आलेला हा इंग्रज पाद्री मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहितो आणि १६१६ मध्ये ते छापलं जातं. लोकांच्या चालीत सांगायचं, हे दोघांनाही कळलं होतं. त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला, हेही विसरता येत नाही.

तेर्नातेहून पुढे मोरोची बेटं. हालमाहेराचा उत्तर भाग आणि मोरोताय. तिथल्या पाद्रीचा खून झाला होता आणि काही वर्षं कुणी गेलं नव्हतं. अन्नात विष घालतात अशी त्या लोकांची ख्याती. तेर्नातेच्या मित्रांनी सायबांना रडून थांबवलं, मग विषावरचे उतारे बरोबर देऊ केले. सायबांनी ते घेतले नाहीत. बरोबर औषध नेलं तर मनात भीती न्यावी लागेल, असं त्यांना वाटलं असावं. तीन महिने ते तिथे होते. २९ सप्टेंबरला, संत मायकलच्या सणाला, मिसा चालू असताना भूकंप झाला आणि वेदी पडते की काय असं त्यांना वाटलं. पाणी वाईट, अन्न कमी, डोंगरातून राख उडायची. तरी एवढं समाधान आपल्याला कुठेच मिळालं नाही असं ते लिहितात. मोरोच्या बेटांना देवावरच्या आशेची बेटं म्हणावं, असंही त्यांनी सुचवलं.

१५४७ च्या मध्याला ते मलाक्काला परतले. वर्षअखेरीला तिथेच त्यांना अंजिरो नावाचा जपानी माणूस भेटला, आणि त्यांचं मन पुढच्या बेटांकडे गेलं. १५ एप्रिल १५४९ रोजी गोव्याहून निघून १५ ऑगस्टला ते जपानच्या कागोशिमा बंदरात पोचले. तिथे सव्वादोन वर्षं राहून ते गोव्याला परतले. आता चीनला जायचं होतं. १५५२ च्या एप्रिलात गोवा सोडलं ते कायमचं. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांची अडवणूक केली. शेवटी ते चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांच्यान बेटापर्यंत पोचले. परदेश्यांना चीनमध्ये पाऊल टाकायला बंदी होती. चोरून नेणाऱ्या एका व्यापाऱ्याशी मिरीच्या बदल्यात सौदा झाला, पण तो आलाच नाही. पोर्तुगीज जहाजं एकेक करून परत गेली. सायब गवताच्या झोपडीत तापाने आजारी पडले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटे वारले. वय ४६. जवळ अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण होता. त्यांचं शेवटचं ठिकाणही बेटच ठरलं, आणि तेही समोरचा किनारा दिसण्याइतकं जवळ. चुन्यात पुरलेलं शरीर काही महिन्यांनी काढलं तेव्हा ते कुजलेलं नव्हतं. ते आधी मलाक्काला आणि मग मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणलं. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

ज्या बेटांत ते फिरले तिथलं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगते. सुलतान हैरूनला पोर्तुगीजांनी १५७० मध्ये दगाबाजीने मारलं, आणि चिडलेल्या लोकांनी १५७५ मध्ये त्यांना तेर्नातेतून हाकलून दिलं. अंबोन १६०५ मध्ये डचांकडे गेलं. आज तिथल्या कॅथेड्रलला सायबांचंच नाव आहे. १९९९ पासून जवळपास तीन वर्षं त्या शहरात ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांना मारत होते. तितीव म्हणतो की बोटीवरच्या भाषणांत जायफळ असतं, पक्षी असतात, हे क्वचितच असतं. त्याला स्वतःला अंबोन नीट बघायला मिळालेलं नाही. बोट धक्क्याला लागली की प्रवासी उतरतात आणि किचनमध्ये दुपारच्या जेवणाची तयारी चालू असते.

आमचं पेडणं आणि मैत्रिणीची डिचोली पोर्तुगीजांकडे आली ती १८व्या शतकाच्या शेवटी. तोवर इन्क्विझिशनचे दात पडत आले होते. म्हणून आमच्या दोन्ही तालुक्यांत देवळं जागच्या जागी राहिली, घराघरांत मराठी पोथ्या राहिल्या, आणि मी ख्रिस्ती मुलगी असूनही मराठी शाळेत शिकून आज या मंडळात आहे. डिचोलीतल्या शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत असं आपल्याकडे दोन्ही धर्मांचे लोक मानतात. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर देव पळवून न्यावा लागला, त्याच गोव्यात लोकांनी ही गोष्ट रचली आणि जपली.

सायब अजूनही माझे आहेत. परीक्षेच्या आधी मी त्यांच्याकडे बघते, तितीव बोटीवर असतो तेव्हा त्याच्यासाठी त्यांनाच सांगते. पण आता प्रार्थना करताना अंबोनची दोन्ही दृश्यं समोर येतात. आजाऱ्याचं डोकं मांडीवर घेतलेला पाद्री, आणि सहा दिवसांच्या अंतराने राजाला पत्र लिहिणारा तोच पाद्री. संतांचं सगळंच बरोबर असतं असं मानलं की आपण त्यांची उरलेली गोष्ट लपवायला लागतो. मी फेरीवर तेच केलं होतं.

हा लेख संपादकांना देण्याआधी मी मैत्रिणीला वाचायला दिला. तिने दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. राजाला लिहिलेल्या पत्राबद्दल मी आधी दोनच ओळी लिहिल्या होत्या. तिथे तिने पेन्सिलने खूण केली आणि एवढंच का, असं विचारलं. तो भाग मी पुन्हा लिहिला. नाताळात तेरेखोलला जाईन तेव्हा व्हडलीमायला सगळा वाचून दाखवणार आहे. कुर्लीपर्यंत ती खूश असेल. पुढचं वाचायला मला जरा धीर करावा लागेल, पण वगळणार नाही.